बिशपांनी नेमलेला गव्हर्नर : इंग्लंडमधल्या कॅथलिक शाळेतली माझी आठ वर्षं

रविवारची मिस्सा संपली आणि फादरांनी मला चर्चच्या दारात थांबवलं. "आपल्या शाळेला एक गव्हर्नर हवा आहे. तुमचं नाव बिशपांकडे पाठवू का?" गव्हर्नर म्हणजे शाळेचा कारभार पाहणाऱ्या समितीचा, गव्हर्निंग बॉडीचा, सदस्य. मी मूळचा वसईचा. फादर मॅनेजर, सिस्टर मुख्याध्यापिका आणि पालकांनी विश्वासाने मूल सोपवायचं, अशी धर्मग्रामाची, म्हणजे गावच्या चर्चची, शाळा मी लहानपणापासून पाहिलेली. तिच्या कारभारात माझ्यासारख्या नोकरदाराने काय करायचं असतं, हे मला तेव्हा उमगलं नाही. तरी मी हो म्हणालो. चार-चार वर्षांच्या दोन मुदती पूर्ण झाल्या. आता आपल्याकडची बरीच तरुण कुटुंबं इथे येऊन स्थिरावत आहेत आणि त्यांनाही हाच प्रश्न विचारला जातो. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आधी शाळा कशी आहे ते समजून घ्या. इंग्लंडमधल्या बहुतेक कॅथलिक शाळांत फी नसते. शिक्षकांचे पगार आणि रोजचा खर्च सरकारी पैशातून होतो, जमीन मात्र चर्चच्या विश्वस्तांची असते. 1944 च्या शिक्षण कायद्याने अशा शाळांना 'व्हॉलंटरी एडेड' हा दर्जा दिला. त्यामागे शंभर वर्षांचा इतिहास होता. 1850 मध्ये इथे बिशपांची व्यवस्था पुन्हा सुरू झाली. त्या काळात आयरिश मजुरांच्या वस्त्यांत आधी शाळा बांधायची, चर्च मागाहून, असं धोरण होतं. कित्येक ठिकाणी मिस्सा शाळेच्याच खोलीत व्हायची. गरिबांच्या वर्गणीतून उभी राहिलेली वास्तू आपण सांभाळतो आहोत, ही जाणीव ठेवूनच बैठकीला बसावं असं मला वाटतं.

या शाळांच्या गव्हर्निंग बॉडीत बिशपांनी नेमलेले सदस्य, म्हणजे फाउंडेशन गव्हर्नर, बाकी सगळ्यांपेक्षा दोनने जास्त असतात. आमची समिती बारा जणांची होती : दोन पालक प्रतिनिधी, मुख्याध्यापिका, एक कर्मचारी, एक कौन्सिलचा, म्हणजे स्थानिक प्रशासनाचा, माणूस आणि सात आम्ही. बहुमत आमचं, म्हणून जबाबदारीही आमची. शाळेचं कॅथलिक स्वरूप टिकवायचं, वाढवायचं आणि ट्रस्ट डीडप्रमाणे (शाळेच्या न्यासपत्राप्रमाणे) कारभार चालतो ना हे पाहायचं, हे आमचं खास काम. पण आम्ही बिशपांचे निरोप्ये नव्हतो. नेमणूक त्यांची असली तरी मत स्वतःच्या विवेकाने द्यायचं असतं.

पहिलं वर्ष मी जवळजवळ गप्प बसून काढलं. मुख्याध्यापिका आकडे मांडायच्या आणि मी मान डोलवायचो. गुरुजनांना सगळ्यांसमोर प्रश्न विचारायचे नाहीत, हे संस्कार अंगात मुरलेले. मग एका बैठकीत गणवेशाचा विषय निघाला. स्वेटर, पिनाफोर आणि पी.टी.चे कपडे, सगळ्यांवर शाळेचं भरतकाम केलेलं बोधचिन्ह असावं आणि सगळं एकाच दुकानातून घ्यावं, असा प्रस्ताव होता. दिसायला छानच. पण मला माझ्या आईची आठवण झाली. थोरल्या भावाचा सदरा उसवून ती माझ्या मापाचा करायची. मी हात वर केला आणि विचारलं, "तीन मुलांच्या घराला हे केवढ्याला पडेल?" बराच वेळ कुणी बोललं नाही. हिशेब मांडला तेव्हा प्रस्ताव मागे घेतला गेला. इस्त्रीने चिकटवायचं बोधचिन्ह आणि वापरलेल्या कपड्यांचा स्टॉल असं ठरलं. बैठकीनंतर मुख्याध्यापिका मला म्हणाल्या, "असे प्रश्न तुम्ही आधीपासून विचारायला हवे होते." गणवेशाचा खर्च कमी ठेवण्याबद्दल 2021 पासून इथे कायदाही आहे. पण माझ्या दृष्टीने शाळेचं ख्रिस्तीपण त्या संध्याकाळी दिसलं. बैठकीच्या सुरुवातीची प्रार्थना महत्त्वाची आहेच, पण तिचा कस लागतो तो चौथ्या-पाचव्या विषयाला, पैशाचं बोलणं निघतं तेव्हा.

आता प्रवेश. इथे मी चुकलो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. व्हॉलंटरी एडेड शाळेत प्रवेशाचे नियम गव्हर्निंग बॉडीच ठरवते. दरवर्षी 28 फेब्रुवारीपर्यंत ते पक्के करावे लागतात. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिक मुलांना प्राधान्य देता येतं. जागा रिकाम्या असतील तर कोणत्याही धर्माच्या मुलाला नाकारता येत नाही. आमच्या वर्गांत मुस्लिम, हिंदू, शीख मुलं होती आणि त्यांचे आईवडील शाळेवर मनापासून प्रेम करायचे.

एका रविवारी केरळमधले एक गृहस्थ मिस्सेनंतर मला भेटले. पत्नी नर्स, मुलगी चार वर्षांची. "ब्रदर, आमचा बाप्तिस्म्याचा दाखला सिरो-मलबार चर्चचा आहे. चालेल ना?" चालतो. रोमशी ऐक्य असलेली पौर्वात्य चर्चेस कॅथलिकच आहेत आणि नियमांतही तसं लिहिलेलं असतं. एवढं सांगून मी थांबायला हवं होतं. त्यांची काळजी पाहून मी पुढे म्हणालो, "बघतो मी." आपल्याकडे हा शब्द किती सहज तोंडातून जातो! त्यांनी तो शब्द धरून ठेवला. 16 एप्रिलला निकाल लागला. जागा तीस, कॅथलिक मुलांचेच अर्ज त्यापेक्षा जास्त होते आणि घर ते शाळा अंतराच्या निकषावर त्यांची मुलगी बाहेर राहिली. त्यांनी अपील केलं. ते स्वतंत्र समितीपुढे चालतं, त्यात शाळेच्या गव्हर्नरला बसता येत नाही. शिवाय लहान मुलांच्या वर्गांत एका शिक्षकामागे तीसच मुलं, असा कायदा असल्यामुळे अशी अपिलं क्वचितच यशस्वी होतात. त्यांचंही झालं नाही. कित्येक महिने ते माझ्याशी बोलले नाहीत आणि त्यांचं चुकलं असं मला कधीच वाटलं नाही. तेव्हापासून मी प्रवेशाबद्दल फक्त नियम सांगतो आणि फॉर्म भरायला मदत करतो. प्राथमिक प्रवेशाची 15 जानेवारीची मुदत चुकवू नका, बाप्तिस्म्याचा दाखला गावच्या धर्मग्रामातून आधीच मागवून ठेवा आणि कौन्सिलच्या अर्जाबरोबर शाळेचा पुरवणी फॉर्म लागत असेल तर तोही वेळेत द्या, एवढंच.

मुख्याध्यापकांची निवड हे सगळ्यात जड काम. शिक्षकांची मालक गव्हर्निंग बॉडी असते आणि बिशपांच्या सूचनेप्रमाणे मुख्याध्यापक, उपमुख्याध्यापक आणि धर्मशिक्षणाचे प्रमुख ही पदं श्रद्धावान कॅथलिक व्यक्तींसाठी राखीव असतात. असे उमेदवार थोडे. आम्हाला दोनदा जाहिरात द्यावी लागली. घाईने कुणालातरी नेमण्यापेक्षा एक टर्म (शाळेचं सत्र) हंगामी व्यवस्थेवर काढणं बरं, हे तेव्हा पटलं.

बाकी व्यवहाराच्या गोष्टी पटकन सांगतो. हे काम विनावेतन आहे. ब्रिटिश नागरिकत्वाची अट नाही. पोलिसी पडताळणी होते, त्याला डी.बी.एस. म्हणतात. फादरांचं शिफारसपत्र लागतं. वर्षाला किमान तीन पूर्ण बैठका होतात, उपसमित्या वेगळ्या, आणि कागदपत्रं सात दिवस आधी येतात. ती वाचूनच जा. कंपनीकडून या कामासाठी वाजवी रजा मागण्याचा हक्क आहे, पण ती पगारी असेलच असं नाही. ऑफस्टेड या सरकारी संस्थेच्या शाळा-तपासणीखेरीज धर्मशिक्षण, प्रार्थना आणि शाळेचं कॅथलिक जीवन तपासायला वेगळे निरीक्षक येतात. ते गव्हर्नरांनाही प्रश्न विचारतात. शाळा एखाद्या मोठ्या ॲकॅडमी ट्रस्टमध्ये (अनेक शाळा एकत्र चालवणाऱ्या संस्थेत) गेली असेल, तर तुमचे अधिकार बरेच कमी असू शकतात. ट्रस्टने स्थानिक समितीकडे नेमकं काय सोपवलंय, हे सही करण्याआधी वाचून घ्या.

आणि अर्ज भरण्याआधी वेळ ठरवून एकदा जेवणाच्या सुट्टीत शाळेत जा. मुलांबरोबर ताट घेऊन रांगेत उभे राहा. कोण कुणाशेजारी बसतं, कोण एकटं बसतं, ते पाहा. मी दर टर्मला जायचो, आणि पुढच्या बैठकीतले माझे निम्मे प्रश्न तिथेच सुचायचे.