जुन्या आरपीजी कार्ट्रिजचे मोल ठरवताना

सुपर निन्टेन्डो या जुन्या व्हिडिओ गेम यंत्रावरील ‘क्रोनो ट्रिगर’ किंवा ‘अर्थबाउंड’ यांसारख्या रोल-प्लेइंग गेमचे (आरपीजी, म्हणजे पात्राची भूमिका घेऊन खेळायचा खेळ) कार्ट्रिज, म्हणजे गेमची कॅसेट, घेताना विक्रेता काय किंमत सांगतो यापेक्षा, त्याच स्थितीतील प्रती अलीकडे प्रत्यक्षात कितीला विकल्या गेल्या, हे आधी पाहावे. शक्य असल्यास ३.८ मिमीच्या गेमबिट पान्याने (अशा कार्ट्रिजच्या खास स्क्रूंसाठीचा पाना) कार्ट्रिज उघडून दाखवण्याची विनंती करावी, कारण लेबलची हुबेहूब नक्कल करता येते. आतील सर्किट बोर्डावर निन्टेन्डोचे नाव छापलेले नसेल, तर तो व्यवहार सोडून द्यावा. त्या बोर्डाला डाख देऊन जोडलेली सीआर२०३२ ही नाण्याएवढी बॅटरी जतन केलेला खेळ टिकवून धरते. ती संपलेली असली तरी मला तो मोठा दोष वाटत नाही, कारण ती बदलता येते. मात्र चालू असलेली बॅटरी काढताच जुने सेव्ह, म्हणजे जतन केलेले खेळ, पुसले जातात, आणि कुणाच्या तरी बालपणीच्या त्या नोंदी आधी उतरवून घेण्याची काळजी अवश्य घ्यावी. ‘अर्थबाउंड’ अमेरिकेत १९९५ साली मार्गदर्शक पुस्तिकेसह मोठ्या खोक्यात आला होता. त्यामुळे खोके आणि पुस्तिका शाबूत असलेल्या प्रतीचा भाव नुसत्या कार्ट्रिजपेक्षा कितीतरी जास्त असतो.