माळढोकासाठी माळ पुन्हा गवताखाली कसा आणावा

सोलापूरजवळच्या नान्नज, मार्डी, अकोलेकाटीच्या बाजूला मुरमाड माळ असेल, किंवा गावाचं गायरान हाताशी असेल, तर आधी एक गोष्ट टाळा : वृक्षारोपण. माळढोक हा उघड्या रानाचा पक्षी. लांबवर नजर पोचली तरच तो टिकतो, आणि मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही थेट जमिनीवर. झाडं वाढली की कावळ्यांना बसायला जागा मिळते आणि अंडं त्यांच्या नजरेला पडतं. नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 सालचं, पण आज तिथे माळढोक दिसणं दुर्मीळ झालंय. देशात उरलेले बहुतेक पक्षी जैसलमेरच्या बाजूला आहेत. तरी लांडगा, खोकड, काळवीट आणि धाविक, चंडोल हे पक्षी अजून याच माळावर जगतात. माळ राखला तर तेही राहतील.

पहिलं काम वेडी बाभूळ काढण्याचं. नुसती कुऱ्हाड चालवली तर बुंध्यापासून दहा फुटवे येतात आणि रान आधीपेक्षा दाट होतं. टिकावाने बुंध्याभोवती खणा आणि वीतभर खोलीवरचा मुळाचा गड्डा सगळा उपटा. फुटवे त्या गड्ड्यातूनच येतात. हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये, शेंगा पिकायच्या आत उरका. पडलेल्या शेंगा वेचून खड्ड्यात जाळा, कारण शेळ्या त्या खातात आणि लेंड्यांतून बी माळभर पसरतं. ऑगस्टमध्ये ओल्या जमिनीतून रोपं हाताने उपटता येतात. हे किमान तीन वर्षं करावं लागतं. एक पावसाळा चुकला तर निम्मी मेहनत वाया जाते. ग्लिरिसिडिया आणि सुबाभूळही काढा. तुरळक बोर, हिवर, तरवड मात्र राहू द्या. बोरं माळढोक आवडीने खातो.

जेसीबीने सलग चर मारू नका. मुरमावरचा मातीचा थर इथे जेमतेम चार बोटं असतो. तो उलटला की वर चाऱ्याचं गवत नाही, गाजर गवताचं तण येतं. घळ पडली असेल तिथेच गुडघ्याच्या खाली राहतील असे दगडी बांध घाला.

बी विकत आणण्यापेक्षा जवळच्या चांगल्या माळावरून, मालकाला विचारून, गोळा करा. पवना, मारवेल, डोंगरी या गवतांचे तुरे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिकतात. तुरा चिमटीत ओढल्यावर दाणे सहज सुटले तर तयार समजा. कुसळी गवताचं बी गोळ्यागत गुंततं, त्याला वेगळी पिशवी ठेवा. बी सावलीत वाळवून कापडी पिशवीत पुढच्या जूनपर्यंत ठेवा. ताजं बी नीट उगवत नाही, सहा-आठ महिने मुरावं लागतं.

एकरी दोन-तीन किलो बी पुरतं. ते हलकं असतं, वाऱ्याने उडतं आणि मुंग्याही नेतात. म्हणून ओली माती आणि शेण मिसळून फेका आणि वरून काटेरी फांदी ओढा. बी एक सेंटिमीटरपेक्षा खोल गेलं तर उगवणार नाही. पेरणी पहिल्या पावसाच्या तोंडावर करा. मारवेलची ठोंबं लावायची असतील तर जुलैत, 50 सेंटिमीटरच्या ओळीत.

पहिला पावसाळा चराईबंदी. धनगरांच्या मेंढ्या दरवर्षी याच वाटेने येतात, तेव्हा त्यांच्याशी आधीच बसून ठरवा. पुढे मात्र चराई कायमची बंद ठेवू नका. गवत माजून गच्च झालं तर माळढोकाला चालता येत नाही. माळाचे तीन भाग करा : एक चराईला, एक कापणीला, एक राखीव. दरवर्षी पाळी बदला. कापणी बी गळाल्यावर, बुडाशी दहा-पंधरा सेंटिमीटर ठेवून. चारा थोडा राठ होतो, पण पुढच्या वर्षीचं बी जमिनीत राहतं.

डिसेंबरअखेर कडेने पाच मीटर रुंद पट्टा साफ करा, नाहीतर उन्हाळ्यात एका बिडीने सगळं जातं. जाळीचं कुंपण नको, काळवीट अडकतं. शेजारच्या तुरीवर कीटकनाशक शक्य तितकं कमी मारा, कारण नाकतोडे हे माळढोकाचं मोठं खाद्य.

जून ते ऑक्टोबर कुत्री माळावर सोडू नका. अंडं दिसलं तर हात लावू नका, फोटो काढत थांबू नका. आल्या पावली मागे फिरा आणि वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवा.