उपग्रह प्रतिमांवरून धरणाचे पाणी कसे पाहावे : उजनीच्या उदाहरणासह

धरण किती टक्के भरले हा आकडा पावसाळ्यात रोज वर्तमानपत्रात येतो. मात्र पाणी नेमके कुठवर पसरले आहे आणि कोणत्या गावाच्या शिवारातून ते मागे हटले आहे, हे त्या आकड्यावरून कळत नाही. ते पाहण्यासाठी लागणाऱ्या उपग्रह प्रतिमा युरोपीय महासंघाच्या कोपर्निकस कार्यक्रमाने सर्वांसाठी विनामूल्य खुल्या ठेवल्या आहेत. येथे उदाहरण म्हणून भीमा नदीवरील उजनी धरण घेतले आहे. त्याचा फुगवटा पसरट आणि कडेला उथळ असल्यामुळे पातळी थोडी उतरली तरी पाण्याची कड बरीच मागे सरते आणि तो बदल प्रतिमेत सहज दिसतो.

प्रथम संगणकावर ‘कोपर्निकस ब्राउझर’ हे संकेतस्थळ उघडावे. प्रतिमा नुसत्या पाहण्यासाठी नोंदणी लागत नाही. त्या उतरवून घ्यायच्या असतील तर विनामूल्य खाते काढावे लागते. शोधाच्या चौकटीत उजनी किंवा भिगवण हे नाव टाकून नकाशा त्या भागावर आणावा आणि उपग्रहांच्या यादीतून सेंटिनेल-२ निवडून त्यातला ‘एल२ए’ हा प्रकार घ्यावा. या प्रकारात हवेतील धूळ, बाष्प आणि धुरकटपणा यांचा परिणाम आधीच वजा केलेला असतो, त्यामुळे दोन वेगवेगळ्या दिवसांची तुलना रास्त ठरते. हे उपग्रह सुमारे ७८६ किलोमीटर उंचीवरून फिरतात, जोडीने काम करताना दर ५ दिवसांनी त्याच जागेवर येतात आणि आपल्याकडून सकाळी अकराच्या सुमारास जातात.

आता तारीख निवडावी. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली एक प्रतिमा आणि मे महिन्यातली एक, अशा दोन प्रतिमांपासून सुरुवात करणे उत्तम. दिनदर्शिकेशेजारी ढगांचे प्रमाण ठरवण्याची सोय असते. तेथे फार कडक मर्यादा घालू नये. ती टक्केवारी सुमारे ११० किलोमीटर लांबीरुंदीच्या संपूर्ण तुकड्याची असते. त्यामुळे ३० टक्के ढग असलेल्या प्रतिमेतही धरणावरचे आकाश निरभ्र असू शकते. आधी नैसर्गिक रंगातली प्रतिमा डोळ्यांनी नीट पाहावी आणि मगच पुढे जावे. ढगाची सावली पाण्यासारखीच काळी दिसते, आणि ती ओळखण्यासाठी शेजारी ढग शोधणे हाच सोपा उपाय आहे.

यानंतर थरांच्या यादीतून ‘एनडीडब्ल्यूआय’ हा पाण्याचा निर्देशांक निवडावा. पाणी डोळ्यांना न दिसणारा निकट अवरक्त प्रकाश जवळजवळ पूर्ण शोषून घेते, तर माती आणि हिरवी पाने तो मोठ्या प्रमाणावर परावर्तित करतात. हिरव्या पट्ट्यातील, म्हणजे प्रकाशाच्या हिरव्या रंगाच्या भागातील, परावर्तनातून निकट अवरक्त पट्ट्यातील परावर्तन वजा करून आलेल्या संख्येला त्या दोहोंच्या बेरजेने भागले, की उणे १ ते अधिक १ यांमधला आकडा मिळतो. सर्वसाधारणपणे शून्याच्या वर पाणी आणि खाली जमीन, असे मानले जाते. पाणी गढूळ असेल तर हा आकडा घसरतो. म्हणून शून्याची रेघ हा नियम न मानता प्रत्येक प्रतिमेत नैसर्गिक रंगाशी ताडून पाहावे.

या दोन पट्ट्यांत प्रतिमेतला एक ठिपका जमिनीवर १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे जवळजवळ बरोबर एका गुंठ्याचा असतो. शंभर ठिपके म्हणजे एक हेक्टर. काठावरच्या ठिपक्यात मात्र अर्धे पाणी आणि अर्धा चिखल असे मिश्रण असते, त्यामुळे मोजमापाच्या साधनाने कड आखून क्षेत्रफळ काढले, तर हेक्टरच्या पुढचे दशांश लिहिण्यात अर्थ नाही.

उजनीत खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती समजून न घेता काढलेले आकडे फसवे ठरतात. जलाशयाच्या काही भागांत जलपर्णी दाट माजते. निर्देशांक पाहतो ती पाने. त्यांच्याखालचे पाणी त्याला दिसत नाही, आणि तो तेथे जमीन दाखवतो. दुसऱ्या बाजूने, उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीवर पिके घेतली जातात, आणि तीही तशीच हिरवी दिसतात. दोहोंत फरक करण्यासाठी ५ ते १० दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन प्रतिमा तुलनेच्या यादीत टाकून मधली पट्टी सरकवत पाहाव्यात. जलपर्णीचे पट्टे वाऱ्याने सरकतात, तुटतात आणि एखाद्या काठाला जाऊन साचतात. पीक जागचे हलत नाही आणि त्यात बांधांच्या सरळ रेषा दिसतात. सरकणारे हिरवे क्षेत्र पाण्यात धरावे, स्थिर असलेले जमिनीत.

जून ते सप्टेंबर या काळात ढगांमुळे या प्रतिमांचा फारसा उपयोग होत नाही. तेव्हा सेंटिनेल-१ हा रडार उपग्रह निवडावा. त्याच्या साडेपाच सेंटिमीटरच्या लहरी ढगांतून आरपार जातात. शांत पाणी त्या दुसरीकडे परावर्तित करते, म्हणून ते काळे दिसते. वाऱ्याने लाटा उठल्या, तर तेच पाणी उजळते. अशा वेळी ‘व्हीएच’ (उभी लहर पाठवून परतणारी आडवी टिपणे) हा पर्याय ‘व्हीव्ही’पेक्षा (उभी पाठवून उभीच टिपणे) कमी फसवतो. इस्रो आणि नासा यांचा निसार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून प्रक्षेपित झाला. त्याच्या एल पट्ट्यातील सुमारे २४ सेंटिमीटरच्या लहरी झाडोऱ्यात अधिक आतवर पोहोचतात, त्यामुळे झाडाझुडपांखाली साचलेले पाणी ओळखायला त्यांचा विशेष उपयोग होईल.

क्षेत्रफळ म्हणजे साठा नव्हे, हे येथे ठामपणे सांगितले पाहिजे. उथळ कडेचे पाणी हटल्याने क्षेत्र निम्मे झाले, तरी साठा निम्माच झाला असे होत नाही. साठ्यासाठी पाण्याची पातळीही लागते. नासा आणि फ्रान्सची अंतराळ संस्था यांनी डिसेंबर २०२२ मध्ये सोडलेला ‘स्वॉट’ हा उपग्रह मोठ्या जलाशयांच्या पृष्ठभागाची उंची थेट अवकाशातून मोजतो. आपल्याला मात्र जलसंपदा विभाग जाहीर करतो ती पातळी पुरेशी आहे. प्रतिमेची तारीख, त्या दिवसाची जाहीर पातळी आणि आपण मोजलेले क्षेत्रफळ, अशा तीन रकान्यांचा तक्ता ठेवावा. निरनिराळ्या पातळ्यांना पाणी किती पसरते, ते त्यातून कळते. तेवढ्याच पातळीला पूर्वीपेक्षा कमी क्षेत्र पाण्याखाली येऊ लागले असेल, तर तेथे गाळ साचल्याची शक्यता असते; धरणांतील गाळाचे उपग्रहाधारित सर्वेक्षण याच तत्त्वावर केले जाते. अशा तुलनेसाठी दोन्ही वर्षांतल्या प्रतिमा एकाच उपग्रहाच्या असाव्यात आणि कड दोन्ही वेळा एकाच पद्धतीने आखावी.