बेअरिंग गेल्यावर टर्बो रेस इंजिन पुन्हा बांधताना या चुका टाळा

बेअरिंग गेलेलं इंजिन नव्याने बांधल्यावर पुन्हा निकामी झालं, तर कारण बहुतेक वेळा दोहोंपैकी एक असतं. एकतर पहिला बिघाड कशामुळे झाला ते शोधलेलंच नसतं, नाहीतर जुन्या बेअरिंगचा धातूचा कीस तेलाच्या वाटेत कुठेतरी राहून गेलेला असतो. नवा क्रँक (पिस्टनची हालचाल फिरत्या गतीत बदलणारा दांडा) आणि फोर्ज्ड रॉड (पिस्टन क्रँकला जोडणारे घडीव दांडे) घातले तरी या दोन चुका भरून निघत नाहीत.

जुने शेल टाकून देणं

इंजिन खोलतानाच प्रत्येक शेलच्या (बेअरिंगच्या अर्धगोल पत्र्याच्या) पाठीवर सिलिंडरचा क्रमांक आणि वरचा की खालचा ते मार्करने लिहा, आणि सगळे शेल ओळीने मांडा. रॉडचे वरचे शेल ठोकल्यासारखे दबलेले आणि खालचे जवळजवळ नव्यासारखे दिसले, तर डेटोनेशनचा (सिलिंडरमधलं मिश्रण अवेळी स्फोटासारखं जळण्याचा) संशय घ्या. खालच्या, म्हणजे कॅपकडच्या (बोल्टने कसल्या जाणाऱ्या झाकणाकडच्या) शेलवर झीज जास्त असेल तर इंजिन मर्यादेपलीकडे फिरवलं गेलं असावं. सगळ्याच शेलवर बारीक रेघा आणि रुतलेले कण दिसले तर तेलात घाण होती. शेलचा वरचा थर पुसला गेलाय आणि जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) निळसर पडलंय, तर तेलच पोचलेलं नाही. शेलच्या एकाच कडेला झीज असेल तर रॉड वाकलाय किंवा जर्नल निमुळतं झालंय.

मग हे डेटा लॉगशी ताडून पाहा. लांब वळणात तेलाचा दाब घसरत असेल तर पिकअप (सम्पमधून, म्हणजे तेलाच्या तळटाकीतून, तेल खेचणारी नळी) उघडा पडतोय. सम्पमध्ये बॅफल (तेल एका बाजूला सरकू न देणारे पडदे), अॅक्युम्युलेटर (दाबाखाली तेल साठवणारी टाकी) किंवा ड्राय सम्प (तेल वेगळ्या टाकीत ठेवणारी रचना) याशिवाय नवे शेलही तेवढेच टिकतील. सेकंदाला एकदाच नोंद घेणाऱ्या लॉगरवर अर्ध्या सेकंदाची घसरण दिसेलच असं नाही, त्यामुळे ‘दाब ठीक होता’ म्हणण्याआधी नोंदीचा वेग तपासा. दाब खरोखरच ठीक असेल आणि वरचे शेल दबलेले असतील, तर इग्निशन टायमिंग, इंधन आणि इंटरकूलरनंतरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या भागानंतरच्या) हवेचं तापमान बघा.

ऑइल कूलर धुऊन पुन्हा लावणं

सर्वांत जास्त इंजिनं या चुकीने जातात, असं आमचं स्पष्ट मत आहे. कूलरच्या अरुंद नळ्यांमध्ये अडकलेला कीस सॉल्व्हंट आणि हवेच्या झोताने पूर्ण निघत नाही. गरम तेल वाहू लागलं, गाडी हादरू लागली की तो सुटतो. कूलर बदला. ब्रेडेड होजच्या आतल्या रबरातही कण रुततात, म्हणून होजही नव्या घ्या.

‘फिल्टर होता ना’ हा भरवसा फसवा आहे. पंप फिल्टरच्या आधी येतो, त्यामुळे सम्पमध्ये पडलेला जो कीस जाळीतून निसटतो तो पंपातून जातो. शिवाय फिल्टर तुंबला की बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं तेल थेट मेन गॅलरीत (ब्लॉकमधल्या तेलाच्या मुख्य वाटेत) पोचतं. म्हणून पंप बदला, निदान उघडून रोटर आणि रिलीफ व्हॉल्व्हचा (जादा दाब सोडणाऱ्या झडपेचा) पिस्टन बघा. त्या पिस्टनखाली एखादा कण अडकून तो उघडा राहिला तर नव्या इंजिनलाही दाब मिळणार नाही.

ब्लॉकच्या गॅलरीचे सगळे प्लग काढा. लांब ब्रश, गरम साबणाचं पाणी, मग हवेचा झोत, आणि पांढरं कापड ओढल्यावर ते स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा तेच. धुतल्यावर लगेच पातळ तेल लावा, नाहीतर बोअरला गंज धरतो. क्रँकच्या आतल्या तिरक्या छिद्रांचे प्लगही काढायला हवेत. बंद टोकाशी साचलेला कीस बाहेरून दिसत नाही. पिस्टनखालचे ऑइल जेट बदला. व्हेरिएबल टायमिंगचे सोलेनॉइड (विजेवर चालणारे तेलाचे व्हॉल्व्ह) आणि त्यांच्या जाळ्या तपासा. बऱ्याच हेडमध्ये कॅमशाफ्ट थेट अॅल्युमिनियममध्ये फिरतो, तिथे वेगळे शेल नसतात, म्हणून ते बोअर बोटाने चाचपून बघा. अॅक्युम्युलेटर उघडून साफ केला नाही, तर इंजिन सुरू होण्याआधीच तो साठवलेला कीस नव्या बेअरिंगवर सोडतो. ड्राय सम्पची टाकीही विसरू नका.

अंदाजाने क्लिअरन्स धरणं

सर्वसाधारण नियम असा की जर्नलच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतकं क्लिअरन्स (जर्नल आणि शेल यांमधली तेलाची फट) हवं. ५० मिमी जर्नलला ०.०५० मिमी, टर्बो रेस इंजिनात ०.०५५ ते ०.०६५ पर्यंत नेतात. त्या विशिष्ट इंजिनाचा खात्रीचा आकडा मिळत असेल तर तोच वापरा. क्लिअरन्स वाढवलं की तेल जास्त वाहून जातं, तेव्हा पंप आणि तेलाची ग्रेड त्याला जुळली पाहिजे.

मायक्रोमीटर जर्नलवर लावून त्याच मापावर बोअर गेज शून्य करा, मग शेल बसवून, कॅप पूर्ण टॉर्कला कसून मोजा. माप जोडरेषेला काटकोनात घ्यायचं, कारण शेल जोडाजवळ मुद्दाम पातळ केलेले असतात. सगळे भाग काही तास एकाच खोलीत ठेवलेले असावेत. प्लास्टिगेज (फटीत दाबून तिचं माप दाखवणारा प्लास्टिकचा धागा) पडताळणीला ठीक, निर्णय घ्यायला नाही. शेलची पाठ कोरडी आणि स्वच्छ ठेवा. असेंब्ली ल्यूब फक्त जर्नलकडच्या बाजूला.

ज्याचं बेअरिंग जागेवरून फिरलं तो रॉड निळा पडला असेल तर भंगारात टाका. बाकीच्या रॉडच्या बिग एंडचे (क्रँककडच्या मोठ्या टोकाचे) शेल काढून, बोल्ट कसून त्या टोकाची गोलाई तपासा. रॉड बोल्ट नवे घ्या आणि नुसत्या टॉर्कवर न जाता बोल्ट किती ताणला गेला ते गेजने मोजा. वंगण बदललं की त्याच टॉर्कला ताण वेगळा येतो. मेन बोल्टच्या (क्रँकला ब्लॉकमध्ये धरणाऱ्या कॅपच्या बोल्टच्या) जागी स्टड घातले तर मेन बोअर पुन्हा मोजलाच पाहिजे, गरज पडली तर लाइन होन (सगळे मेन बोअर एका रेषेत घासून घेणं) करा. एखादा रॉड बदलला तर वजन जुळवून घ्या.

क्रँकची तडा-तपासणी चुंबकीय पद्धतीने करा. तो घासून अंडरसाइज केला असेल तर नायट्रायडिंगचा (पृष्ठभाग कठीण करणाऱ्या प्रक्रियेचा) पातळ थर गेलाय का ते विचारा आणि फिलेटची (जर्नलच्या कडेच्या कोपऱ्याची) गोलाई कायम आहे ना ते पाहा. तडा बहुधा तिथूनच सुरू होतो.

टर्बो ‘चांगला फिरतोय’ म्हणून तोच लावणं

टर्बोच्या बेअरिंगनेही तेच घाण तेल प्यायलंय. तो उघडून तपासून घ्या, फीड लाइन नवी लावा. बॉल बेअरिंग टर्बोला बहुधा सुमारे १ मिमीचा रिस्ट्रिक्टर (तेलाचा प्रवाह आवरणारा बारीक छिद्राचा भाग) लागतो. त्याच्या छिद्रात एक कण अडकला तरी टर्बो गेला. परतीची नळी मोठी, सतत उताराची आणि सम्पमधल्या तेलाच्या पातळीच्या वर उतरणारी हवी. इंटरकूलर आणि पाइपातलं साचलेलं तेल पुसून काढा, कारण हवेबरोबर तेल जळालं की डेटोनेशन लवकर होतं.

घाईने स्टार्टर मारणं

दाबाच्या टाकीतून गॅलरीत तेल भरा आणि क्रँक हाताने फिरवत राहा. ही सोय नसेल तर स्पार्क प्लग काढून, इंधन आणि इग्निशन बंद ठेवून थोडा थोडा वेळ स्टार्टर मारा, गेजवर दाब येईपर्यंत. टर्बोची फीड टोकाशी सैल करून तेल पोचतंय ते बघा. सुरू करताना क्लच दाबू नका, जड रेस क्लचचा सगळा भार थ्रस्ट बेअरिंगवर (क्रँकला पुढेमागे सरकू न देणाऱ्या बेअरिंगवर) येतो.

तेल गरम झाल्यावर दर १००० आरपीएमला साधारण ०.७ बार दाब असावा. वीसेक मिनिटांनी इंजिन बंद करून तेल आणि फिल्टर बदला. जुना फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडा. पहिल्या फिल्टरमध्ये थोडी बारीक राखाडी धूळ चालते. चकचकीत पातळ तुकडे किंवा तांबूस कण दिसले तर बूस्ट (टर्बोचा दाब) न देता सम्प उतरवा. डायनोनंतर (इंजिनची ताकद मोजणाऱ्या यंत्रावरच्या चाचणीनंतर) दुसरा फिल्टरही असाच कापा.