सेल्फ-ॲडहेसिव्ह कंपोझिटवर डिझर्टेशन घेताय? मग हे वाचा

एमडीएसला (दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर शिक्षणाला) मी पीडोत, म्हणजे लहान मुलांच्या दंतचिकित्सा विभागात होते. ओपीडीत लहान मूल दोन मिनिटंसुद्धा तोंड उघडं ठेवत नाही. तेवढ्यात एचिंग (आम्लाने दात खरखरीत करणं), धुणं, सुकवणं, बाँडिंग (चिकटवणारा द्रव लावणं), सगळं बसवायचं कसं? म्हणून एचिंग-बाँडिंगशिवाय थेट दातावर लावायचं सेल्फ-ॲडहेसिव्ह फ्लोएबल कंपोझिट (दात भरायचं, स्वतःच चिकटणारं पातळसर मटेरियल) दाताला कितपत धरतं, हाच विषय मी सिनॉप्सिसला (डिझर्टेशनच्या आराखड्याला) दिला.

आधी एक गोष्ट समजून घ्या. फॉस्फोरिक ॲसिड लावलेल्या एनॅमलला (दाताच्या सर्वांत बाहेरच्या कठीण थराला) रेझिन जास्त घट्ट चिकटतं, हे बुओनोकोर यांनी १९५५ साली दाखवलं. आपण रोज वापरतो ते ३७ टक्क्यांचं जेल त्याच वाटेवरचं. सेल्फ-ॲडहेसिव्हमध्ये हे काम मटेरियलमधल्याच आम्लधर्मी मोनोमरला (रेझिन ज्यापासून बनतं त्या रेणूला) करावं लागतं. व्हर्टाइज फ्लो या सेल्फ-ॲडहेसिव्ह कंपोझिटमध्ये तो जीपीडीएम असतो, आणि त्याचा फॉस्फेट गट दातातल्या कॅल्शियमशी जोडला जातो. पण आम्ल सौम्य, मटेरियल बाँडिंग एजंटपेक्षा दाट, त्यामुळे आत शिरणं उथळच राहतं. वेगळं एचिंग-बाँडिंग करून येते तेवढी ताकद यात सहसा येत नाही. न घासलेल्या एनॅमलवर तर नाहीच. आकडे कमी आले म्हणून घाबरू नका.

दात मिळवणं हेच मोठं काम. एथिक्स कमिटीची मंजुरी हातात आल्यावरच ऑर्थोसाठी (वाकडे दात सरळ करण्याच्या उपचारासाठी) काढलेले प्रीमोलर (पुढच्या दाढा) गोळा करायला लागा. क्लोरामाइन-टीच्या ०.५ टक्के द्रावणात फार तर आठवडाभर, मग फ्रीजमध्ये डिस्टिल्ड वॉटरमध्ये. दात एकदाही कोरडा पडू देऊ नका.

आता माझ्या पायलटमध्ये (आधीच्या छोट्या चाचणीत) काय चुकलं ते सांगते, कारण हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. ३ मिमी व्यासाचा साचा डेंटिनवर (एनॅमलखालच्या थरावर) ठेवून मी मटेरियल भरलं. चिकटलेलं मटेरियल किती जोराला तुटतं ते मोजणाऱ्या मशीनवर आकडे छान आले. नंतर तुटलेले दात स्टिरिओमायक्रोस्कोपखाली धरले, तर गोलाभोवती पातळ झालर! मटेरियल साच्याखालून पसरलं होतं. समजा ७० न्यूटनला तुटलं: ३ मिमी व्यासाचं क्षेत्रफळ ७.०७ चौरस मिमी, म्हणजे ९.९ मेगापास्कल. पण प्रत्यक्षात चिकटलेला भाग ३.५ मिमीचा असेल तर क्षेत्रफळ ९.६२, आणि ताकद फक्त ७.३. ते सगळे आकडे मी रद्द केले. पुढे चिकटपट्टीला ३ मिमीचं भोक पाडून ती डेंटिनवर चिकटवली आणि साचा त्यावर ठेवला. झालर गेली.

दुसरं म्हणजे ब्रश. पहिला थर अर्ध्या मिमीपेक्षा पातळ हवा आणि तो १५ ते २० सेकंद ब्रशने चोळायचा. स्टॉपवॉच लावा, मनातले वीस सेकंद बाराव्या सेकंदालाच संपतात. सॅम्पल दहाच असोत की साठ, हात तोच, दाब तोच.

मशीनवर लावण्याआधीच, बहुधा थर्मोसायकलिंगमध्ये (दात आळीपाळीने गार-गरम पाण्यात बुडवताना), मटेरियलचे काही गोळे आपोआप सुटून पडतील. गुपचूप नवा दात घेऊन जागा भरण्याचा मोह होईल. तसं करू नका. कुठल्या गटातले किती सुटले ते वहीत लिहा, आणि त्यांची किंमत शून्य धरायची की ते वेगळे दाखवायचे, हे स्टॅटिस्टिशियनशी प्रयोग सुरू व्हायच्या आधीच ठरवा.