जिताड्याला फ्लाय टाकायचीय? आधी तिथी बघा

फ्लाय म्हणजे पिसं-दोऱ्यांनी बांधलेलं खोटं आमिष, मुळात ट्राउट माशासाठीचं. ट्राउटला थंड पाणी लागतं, ती आपल्याकडे कुठली! पण फ्लायचा गळ घेतलाच असेल तर कोकणातल्या खाडीवर जिताडा मासा आहे. वेळ मात्र घड्याळापेक्षा कालनिर्णयवर बघा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर ८ ची पाऊणपट ६, म्हणजे सकाळ-संध्याकाळ साधारण ६ ला. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतोच.

फ्लायसाठी मला भांगाचे दिवस आवडतात, म्हणजे अष्टमीच्या आसपासचे, भरती-ओहोटी कमी असते ते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी गढूळ, माशाला फ्लाय दिसणार कशी? सुकती (ओहोटी) लागली की कांदळवनातला ओहळ खाडीला मिळतो तिथे उभे राहा. कोळंबी, बारकी बोयटं (बोय मासे) पाण्याबरोबर बाहेर ओढली जातात आणि जिताडा तोंडाशीच टपलेला असतो. फ्लाय ओहळाच्या तोंडात टाकायची, क्षणभर बुडू द्यायची, मग दोरी वीतवीत झटक्याने ओढायची. कोळंबी दचकून अशीच मागे उडते.

मासा लागला तर कल्ल्याला बोट लावू नका, त्याची कड सुरीसारखी कापते. घरी आल्यावर रीळ गोड्या पाण्याने धुवा, चहा नंतर.