समुद्र न पाहता समुद्र शिकताय? या चुका टाळा

वर्धा नदीकाठच्या आमच्या गावातून मुंबईचा किनारा गाठायचा तर अख्खी रात्र रेल्वेत काढावी लागते. तरी सागरी जीवशास्त्राचं वेड लागलेली पोरं दरवर्षी दोन-चार निघतातच, आणि ठरलेल्या ठिकाणीच अडखळतात.

पहिली चूक म्हणजे देवमासा आणि शार्कपासून सुरुवात. वही नावांनी भरते, हाती काही लागत नाही. एकदा एका मुलीनं विचारलं, "सर, जमिनीवर गवत हाये, मंग समुद्रातला चारा कुठी हाये?" त्या वर्षी आमचा अभ्यास तिथून सुरू झाला. हा चारा म्हणजे वनस्पतीप्लवक, पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव. पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणातला जवळजवळ अर्धा वाटा त्यांचा. उजेड मात्र साधारण 200 मीटरपर्यंतच पोचतो आणि समुद्राची सरासरी खोली आहे सुमारे 3,700 मीटर. म्हणजे बहुतेक समुद्र अंधारात, वरून पडणाऱ्या उष्ट्या-खरकट्यावर जगतो.

इथे पुस्तकातला अन्नपिरॅमिड जसाच्या तसा लावू नका. रानात चारा वजनाने जास्त, गुरं कमी. खुल्या समुद्रात अनेकदा उलटं असतं : प्लवक कमी, त्यांना खाणारे जास्त. पोरं म्हणतात, गणित चुकलं. चुकलेलं नसतं. प्लवक दिवसा-दोन दिवसांत दुप्पट होतात आणि तितक्याच वेगाने खाल्लेही जातात. संध्याकाळचा गल्ला पाहून दुकानाची वर्षाची उलाढाल कळत नाही, तसंच हे.

दुसरी चूक मिठाची. अंडं तरंगेपर्यंत मीठ टाकायचं आणि त्याला समुद्राचं पाणी म्हणायचं! ताजं अंडं खऱ्या समुद्राच्या पाण्यात बुडतं. लिटरला सुमारे 35 ग्रॅम पुरे; किराणा दुकानातल्या काट्यावर मोजून घ्या. तरी ते समुद्राचं पाणी होत नाही, कारण त्यात मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियमही असतात. आणि कृपा करून त्यात तळ्यातला मासा सोडू नका. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं, तसं त्याच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं. समुद्रातला मासा ही तूट खारं पाणी पिऊन भरतो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. गोड्या पाण्यातला मासा पाणी जवळजवळ पीतच नाही.

लोणारला समुद्राचा नमुना समजणं हीही तशीच गफलत. समुद्राचा सामू, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी याचं माप (pH), 8.1 च्या आसपास, लोणारचा 10 च्या. जून 2020 मध्ये ते पाणी गुलाबी झालं ते मीठप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे. अभ्यासाला उत्तम जागा, पण वेगळ्या अभ्यासाला.

"तळ्याचं पाणी पाहिलं, सूक्ष्मदर्शकात काहीच दिसत नाही" ही तक्रार तर ठरलेली. विचारलं की कळतं, नमुना भरदुपारी, वरवरून घेतलेला. प्राणीप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी, दिवसा खाली जातात आणि अंधार पडला की वर येतात. समुद्रात तर रोज शेकडो मीटरची ही ये-जा चालते. तेव्हा दिवेलागणीला जा, आणि एकट्याने जाऊ नका. जुन्या नायलॉन साडीची जाळी पाण्यातल्या किड्यांना ठीक, डायटम, म्हणजे काचेसारख्या कवचाचे सूक्ष्म वनस्पतीप्लवक, तिच्यातून निसटतात. त्यांच्यासाठी बाटलीत टिंक्चर आयोडीनचे काही थेंब टाकून रात्रभर ठेवा आणि तळाचा थेंब काचपट्टीवर घ्या. आयोडीनने जीव मरतात, म्हणून हलणारे पाहायचे तर दुसरी बाटली भरा.

आठवडी बाजारातला सुका जवळा हा फुकटात जमा धरावा असा नमुना. भिजवून भिंगाखाली पाय मोजा. फक्त त्याला क्रिल, म्हणजे देवमासे खातात तो कोळंबीसारखा दिसणारा छोटा जीव, म्हणू नका. जवळा कोळंबीच्या गोतातला, क्रिलचा गट वेगळा.

आणि आपला समुद्र म्हणजे कोकणचा, हा समज. नकाशावर वर्धेवर बोट ठेवा : पुढे वैनगंगेला मिळून प्राणहिता, मग गोदावरी, मग बंगालचा उपसागर. अकोल्याकडची पूर्णा मात्र तापीतून अरबी समुद्रात जाते. दोन्ही समुद्र सारखे नाहीत. उपसागरात नद्यांचं गोडं, हलकं पाणी सायीसारखं वर पसरतं, खालचं पोषक पाणी सहज वर येत नाही. अरबी समुद्रात मोसमी वारे ते वर आणतात, म्हणून तिकडे प्लवक जास्त. आमच्या शेतातून पावसात वाहून गेलेल्या युरियाची वाटही याच नकाशावर सापडते.